वहिनींचं पिस्तूल आणि बारावीचा जीवशास्त्राचा पेपर

वहिनी, तुम्ही मंगळवारी सकाळी नांदेडच्या रुग्णालयात वारलात. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, उपयोग झाला नाही. संध्याकाळी किनवटच्या पुढे, तुम्ही वर्ग चालवायचात त्या गावीच, अंत्यविधी झाला. खांदा वर्गातल्या मुलींनी दिला. त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही मध्ये पडलो नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, सत्कार हे सगळं दैनिकाच्या बुधवारच्या अंकात आलं आहे. वय एका वर्षाने चुकलं आहे. दुरुस्ती छापायला सांगितली आहे. इथे मला फक्त आपलं भांडण पूर्ण करायचं आहे. ते पूर्ण होणार नाही, हे मला माहीत आहे, पण माझी बाजू एकदा कागदावर यावी.

भांडण पिस्तुलाचं.

भूकंपात दादा गेला तेव्हा तुम्ही चाकूरला माहेरी होता. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. माहेरचे न्यायला आले तर तुम्ही म्हणालात, "मी लातूरला चालले. बी.एस्सी. राहिलीय." तेवढंच. पत्र्याच्या शेडमध्ये राहून पदवी घेतलीत, मग शिकवायला लागलात. पुढे लातूरला क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली वसतिगृहं, चौकाचौकात गुणवंतांचे फलक. तुमच्या जीवशास्त्राच्या तासाला दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. जागा न मिळालेली पोरं खिडकीच्या गजांना धरून उभी असायची. मी नांदेडच्या दैनिकात होतो. लातूरला आलो की तुमच्याकडे जेवायचो आणि तुम्ही म्हणायचात, "भावजी, तुम्ही बातमी लिहून राहिले की जेवून राहिले? एक काय ते करा."

तिथून तुम्ही का उठलात, यावर लोक बरंच बोलले. कारण साधं होतं. वर्गात किनवटकडची एकदोन मुलं दरवर्षी असायची, मुलगी एकही नसायची. तुम्ही सुट्टीत तिकडे जाऊन विचारलंत. तांड्यावरच्या बंजारा बायकांनी सांगितलं, "लांब पडतं." तुम्ही परत आलात, सामान बांधलंत आणि वर्गच तिकडे नेलात. रस्त्यालगतच्या गावात कनिष्ठ महाविद्यालय होतं. त्याच्या शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्यात. भूकंपानंतर स्लॅबखाली तुम्ही कधी झोपला नाहीत.

मुली यायला लागल्या. तांड्यापासून गावापर्यंत सागाच्या रानातून पाऊलवाट आहे, मध्ये एक नाला. मार्चमध्ये नाल्याकाठची मोहाची झाडं फुलतात, फुलं खाली पडतात. ती वेचायला पहाटे बायका जातात आणि तीच खायला अस्वलं येतात. त्या वर्षी एका बाईला अस्वलाने तोंडावर ओरबाडलं. ती वाचली, एक डोळा गेला. दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गात तांड्यावरची एकही मुलगी नव्हती.

तुम्ही तांड्यावर गेलात. तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, वयस्कर, शांत माणूस. ते म्हणाले, "बाई, पोरगी शिकली न्हाई तर चालंल. पोरगीच न्हाई राहिली तर?"

तुम्ही मला फोनवर सांगितलंत. "त्यांचं बरोबर हाय. मी रोज सकाळी तांड्यावर जाऊन पोरींना घेऊन यायचं म्हणते. पण नुसत्या हातानं घेऊन गेले तर त्यांनी का द्याव्यात?"

मग तुम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली आधी सांगतो, कारण लोक ती विसरतात. अस्वल माणसावर मुद्दाम चालून येतं असं क्वचित होतं. अचानक समोर आलं की बिथरतं. त्याला आपली चाहूल लांबूनच लागली तर ते वाट सोडतं. वनरक्षकाने तुम्हाला सांगितलं, बोलत चाला, मोठ्याने. तुम्ही त्याची उजळणी करून टाकलीत. मुलींनी वाटेने हाडांची नावं ओरडायची, कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत. रान संपेपर्यंत सांगाडा दोनदा पूर्ण व्हायचा. गुराखी तुमच्या टोळीला 'हाडांची वरात' म्हणायचे.

दुसरी गोष्ट शस्त्र परवान्याचा अर्ज. पोलीस ठाण्यातल्या चौकशीला मी सोबत होतो.

"बाई, जिवाला धोका कुणाकडून?" हवालदारांनी विचारलं.

"अस्वलाकडून."

"तसं नव्हं. नाव सांगा. भावकीतलं कुणी?"

"न्हाई हो साहेब, खरंच अस्वल. काळं, केसाळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "घरात पुरुष माणूस?"

"अस्वल ते विचारत न्हाई," तुम्ही म्हणालात.

हवालदार हसले. शिफारस चांगली गेली. परवाना मिळायला वेळ लागला, पण मिळाला.

आता आपलं भांडण. नांदेडला कादरभाईंचं दुकान, तीन पिढ्यांचं, बंदुका विकायचं आणि दुरुस्त करायचं. त्यांनी आधी चहा मागवला आणि तुमच्यासमोर सर्वांत चकचकीत, छोटं पिस्तूल ठेवलं. "ये लेडीज पर्समध्ये आरामात बसतं. मोठमोठे लोक घेतात, गाडीत ठेवायला."

"मला गाडी न्हाई," तुम्ही म्हणालात. "मला अस्वल हाय."

कादरभाईंनी ते परत ठेवलं आणि दुनळी बंदूक काढली. जंगलात मोठ्या जनावरासमोर तीच, यात त्यांना शंका नव्हती. मलाही नव्हती. परवान्यात बदल करून घेता आला असता. तुम्ही ती उचललीत, खांद्याला लावलीत आणि खाली ठेवलीत. "चांगली हाय. पण ही घेऊन चालले तर माझा एक हात हिच्यात गुंतला. नाल्यात पोरींना हात कोण देणार? आणि आठ दिवसांनी तांड्यावरचा कुणी दादा म्हणंल, आणा बाई, मी धरतो. मग बंदूक त्याची अन् वाट बी त्याची."

राहिलं पिस्तूल की रिव्हॉल्व्हर. मी रिव्हॉल्व्हरच्या बाजूने होतो, अजूनही आहे. गोळी एखादी फुसकी निघाली तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, चक्री फिरते, पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तसं नाही. एक गोळी सुटली की तिच्याच जोरावर पुढची जागेवर येते. पहिली सुटलीच नाही तर सगळं तिथंच थांबतं. मग वरची स्लाइड हाताने मागे ओढून फुसकी बाहेर काढावी लागते. तेवढा वेळ अस्वल देईल का, असं मी विचारलं.

तुमचं म्हणणं वेगळं होतं. रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो. जड चाप ओढताना हात हलतो, नेम जातो. चक्रीचा फुगवटा कमरेला टोचतो, आणि टोचणारी वस्तू माणूस एक दिवस घरी विसरतो. पिस्तूल चपटं, रोज अंगावर राहील. गोळ्याही दोन जास्त.

"स्लाइडची स्प्रिंग सख्त आहे बाई," कादरभाई म्हणाले. "बोलू नये, पण लेडीज लोकांचं काम नाही ते."

तुम्ही रिकामं पिस्तूल घेऊन दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड ओढलीत. ती अर्धी येऊन परत गेली आणि अंगठ्याजवळची कातडी चिमटली. रक्त आलं. कादरभाईंनी कापूस आणेपर्यंत तुम्ही पुन्हा धरलंत, या वेळी वरून अख्ख्या मुठीत. स्लाइड मागे न ओढता पिस्तूलच पुढे रेटलंत. खटकन आवाज आला.

"म्हशी काढलेले हात हायत, भाई. चिमटीनं दूध निघत न्हाई."

कादरभाई म्हणाले, "हौ, आता मी चूप."

बत्तीस बोअरचं ते सरकारी कारखान्यातलं पिस्तूल तुम्ही घेतलंत. गोळ्यांवरही वाद झाला. कादरभाई मऊ नाकाची देत होते, ती आत जाऊन पसरते. तुम्ही तांब्याच्या कवचाची, टणक नाकाची मागितलीत. बत्तीसच्या गोळीत मुळात जोर बेताचा. अस्वलाचे केस दाट, कातडी सैल, खाली चरबी. पसरणारी गोळी वरच पसरून थांबली तर जनावर फक्त चिडेल. पोचायची वेळ आलीच तर ती पोचली पाहिजे. शेवटी म्हणालात, "पण मारायचं न्हाईच. पयली गोळी मातीत, आवाजासाठी. दुसरी त्यानं ऐकलं न्हाई तर." कायद्यानेही जीव वाचवायचा दुसरा उपाय नसेल तरच परवानगी आहे. ते तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं.

पिस्तुलाचं चामड्याचं म्यान नांदेडच्या कारागिराकडून करून घेतलंत. साडीवर पट्टा दिसायला नको म्हणून वरून पुरुषी फुल शर्ट घातलात, शेतात खुरपायला जाताना बायका घालतात तसा. तो शर्ट दादाचा होता, असं परवा कुणीतरी भाषणात सांगितलं. ते चूक आहे. तो तुम्ही नांदेडच्या बाजारात घेतला होता. मी सोबत होतो, आणि तुम्ही दुकानदाराला "मोठा दाखवा, खाली पिस्तूल बसलं पाहिजे" असं म्हणून घाबरवलं होतं.

सरावासाठी तुम्ही परवानगीच्या मैदानावर जायचात. घरी खोट्या काडतुसांवर स्लाइड ओढायचात, रोज, भाजी शिजेपर्यंत. नळीत गोळी भरून ठेवायची नाही, हा तुमचा नियम, कारण भोवती मुली लगटून चालायच्या. म्हणजे गरज पडली तर पहिल्या गोळीलाही स्लाइड ओढणं आलंच. मी म्हणायचो, रिव्हॉल्व्हरला हे लागत नाही. तुम्ही म्हणायचात, "भावजी, कुकरची तिसरी शिट्टी झाली. गप बसा."

नाईकांनी मुली पाठवल्या. पिस्तूल पाहून नव्हे. तुम्ही त्यांच्यासमोर ओट्यावर ते रिकामं केलंत, परत भरलंत आणि म्हणालात, "मला लई भीती वाटते अस्वलाची. म्हणून एवढं शिकले." ते म्हणाले, "भीत्या माणसासंगं पोरी पाठवतो."

दसऱ्यात जे झालं ती तुमची चूक होती, हे तुम्हीही मान्य केलंत. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. तांड्यावरच्या बायकांनी विळे, कुऱ्हाडी मांडल्या आणि म्हणाल्या, याडीचं पिस्तूल पण हवं. याडी म्हणजे आई. तोवर तुम्ही त्यांची याडी झाला होता. तुम्ही पिस्तूल रिकामं करून पाटावर ठेवलंत, शेजारी मॅगझीनमधल्या गोळ्या ओळीने मांडल्यात. सविता राठोड तेव्हा बारावीत होती. शेंदूर लावायचं काम तिच्याकडे आलं.

"बाई, गोळीचं कपाळ कुठलं?"

"टोक तर नाक झालं," एक बाई म्हणाली. "मग मागचा सपाट भाग कपाळ."

सविताने प्रत्येक गोळीच्या सपाट बुडाला, अगदी मधोमध, तेलात कालवलेला शेंदूर लावला. तिथेच गोळीची टोपी असते, जिच्यावर आघात झाला की बार उडतो. तुम्हाला ते माहीत होतं. पण पूजा अर्ध्यात थांबवणं तुम्हाला जमलं नाही. घरी येऊन गोळ्या कोरड्या फडक्याने पुसल्यात, मॅगझीनमध्ये भरल्यात. उन्हाळी सुट्टीत या सरावाला वापरायच्या आणि नव्या भरायच्या, असं ठरवलंत.

सुट्टीच्या आधी मार्च आला, बारावीची परीक्षा आली.

त्या सकाळचा प्रसंग मी त्या वर्षीच्या बारावीच्या सातही मुलींकडून वेगवेगळा ऐकला आहे आणि तुमच्याकडून. जेवढं सगळ्यांचं जुळतं तेवढंच लिहितो.

जीवशास्त्राचा पेपर होता. परीक्षा केंद्र किनवटला, गावातून जीप ठरवलेली. पाऊलवाटेने तुम्ही पुढे, मुली मागे. त्या दिवशी कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येकीची मनातल्या मनात उजळणी चालू होती. तुम्हीही टोकलं नाहीत, पेपरच्या दिवशी कशाला म्हणून. ही तुमची दुसरी चूक.

नाल्याच्या वळणावर, मोहाखाली, अस्वल होतं. तोंड खाली, फुलं खात. अंतर वर्गातल्या फळ्यापासून शेवटच्या बाकाएवढं. त्याने वर पाहिलं आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं. मुली शिकवल्याप्रमाणे तुमच्या पाठीशी एकत्र आल्या, एकमेकींचे हात धरून. एकही पळाली नाही. तुम्ही पिस्तूल काढलंत, स्लाइड ओढलीत, नाल्याच्या मऊ दरडीवर नेम धरलात, चाप ओढलात.

टक् असा आवाज झाला. गोळी सुटली नाही.

अस्वल चारी पायांवर आलं आणि पुढे सरकलं. तुम्ही वरून अख्ख्या मुठीत स्लाइड धरलीत, पिस्तूल पुढे रेटलंत. फुसकी गोळी गवतात पडली. पुन्हा चाप ओढलात.

या वेळी बार झाला. दरडीची माती उडाली. अस्वल जागीच वळलं आणि रानात शिरलं. झुडपं हलत गेलेली सगळ्यांनी पाहिली.

मग सविता रानाच्या दिशेने सगळ्या ताकदीने ओरडली, "फीमर!"

बाकीच्या मुली एका आवाजात, "टिबिया! फिब्युला! पटेला!"

आणि तुम्ही, पिस्तूल म्यानात घालता घालता, "पटेला आधी, बयांनो! गुडघा वर असतो!"

हाडांची वरात गावात शिरली तेव्हा रस्त्यावरची माणसं उठून उभी राहिली, असं जीपवाल्याने मला सांगितलं. मुली केंद्रावर वेळेत पोहोचल्या. सातही जणींनी पेपर दिला. तुम्ही वन कार्यालयात आणि ठाण्यात जाऊन गोळी झाडल्याची खबर स्वतः दिलीत. पंचनामा झाला. रक्ताचा डाग कुठेही नव्हता. दरडीत गोळी सापडली, गवतात फुसकी.

ती फुसकी पुढे कादरभाईंनी पाहिली. टोपीवर आघाताची खूण स्पष्ट होती. टोपीच्या कडेच्या फटीत शेंदूर होता. "तेल आत उतरलं असेल," ते म्हणाले. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, "नक्की तर अल्लाला माहीत. कारखान्याची गोळीपण कधी फुसकी निघते." म्हणून तेलामुळे, असं मी लिहीत नाही. त्यानंतर मात्र खंडेनवमीला पाटावर नुसतं रिकामं म्यान गेलं, आणि सविताने त्याला शेंदूर भरपूर लावला.

बातमी मी लिहिली होती. मथळ्यात तुमचं नाव होतं. छापायच्या आधी फोनवर वाचून दाखवली, तर तुम्ही म्हणालात, "काढा ते. त्या रोज त्या रानातून चालतात, त्यांची नावं घाला." सात नावं घातली. वृत्तसंपादकाला बातमी लांब वाटली, त्याने कात्री उचलली. मी त्याच्या टेबलापाशी उभा राहिलो. सातही छापून आली. तांड्यावर तो अंक झोपडीच्या आत, लाकडी पेटीच्या झाकणाला चिकटवलेला मी पाहिला आहे.

निकालात सातही पास झाल्या. जूनमध्ये नाईक स्वतः पाऊलवाटेने आले. त्यांच्यासोबत वरच्या तांड्यावरच्या मुलीही होत्या. तिथून तोवर कुणी आलं नव्हतं. "बाई, ह्या बी घ्या," ते म्हणाले. "ह्यांना हाडं येत न्हाईत, पण आवाज मोठा हाय." तुम्ही आधी आवाजाची परीक्षा घेतलीत. मी त्या दिवशी तिथे होतो. पत्रे थरथरले. तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीत बसावं लागलं.

भांडण मात्र राहिलं. माझं म्हणणं, रिव्हॉल्व्हर असतं तर अस्वल पुढे सरकायच्या आतच दुसरा बार झाला असता. तुमचं म्हणणं, रिव्हॉल्व्हर असतं तर ते त्या दिवशी घरी खुंटीला असतं. दोन्ही सिद्ध करता येत नाहीत. गेल्या आठवड्यात रुग्णालयात दुपारी मी पुन्हा विषय काढला. नाकात नळी होती. तुम्ही ती बाजूला केलीत, नर्स रागावली. म्हणालात, "भावजी, पुढल्या जन्मी तुम्ही रिव्हॉल्व्हर घ्या. मी पिस्तूलच घेणार. नाल्यावर भेटू."

मला तेव्हा उत्तर द्यायचं होतं. दादा गेल्यावर आमच्या घराशी तुमचं नातं संपलं असतं, तर कुणी बोल लावला नसता. ते तुम्ही चालू ठेवलंत. मला जेवू घातलंत, माझ्या बातम्यांतल्या चुका काढल्यात, मला तांड्यावर ओळखीचं केलंत. हे सांगायला नीट वाक्य सुचत नव्हतं. मी म्हणालो, रिव्हॉल्व्हरला देखभाल कमी लागते. तुम्ही डोळे मिटून हसलात. ते आपलं शेवटचं बोलणं.

परवाना आणि पिस्तूल गुरुवारी नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केलं. पोच मिळाली आहे. सविता राठोड आता वर्गात जीवशास्त्र शिकवते. तिने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज दिला आहे. त्यावर निर्णय झालेला नाही. तोवर वनरक्षक सोबत चालेल, असं वन कार्यालयाने कळवलं आहे.

शनिवारी तांड्यावर बैठक झाली. मुली पाठवायच्या की थांबवायच्या, हाच विषय होता. नाईक आता फार थकले आहेत, त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला. बायकांनी केले. मग पुरुषांनी केले.

सोमवारी सकाळी वर्ग भरला. दोन्ही तांड्यांवरच्या सगळ्या मुली पाऊलवाटेने आल्या.